तोडलेलं पाणी

१

दगडावरची चादर दादानं स्वतःच्या हातानं ओढली आणि ओढल्या जागीच तो मटकन खाली बसला. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे आधीच कुरकुरणारे. आत्याला वाटलं, चक्कर आली. ती धावत गेली, "काय झालं रे?" म्हणाली, तर दादा नुसता बोट दाखवत राहिला. 

आत्या ही दादाची धाकटी बहीण. उमेदीची सगळी वर्षं पोलीस खात्यात घालवून निवृत्त झालेली. समोरचा खोटं बोलला की माझं नाक खाजतं, असं ती अजूनही सांगते, आणि तिचं नाक फारसं चुकत नाही. घरातल्या लेकीची ती आत्या, म्हणून संग्रहालयात सगळ्यांचीच आत्या. दादा त्या संग्रहालयाचा प्रमुख. प्राचीन इजिप्तची चित्रलिपी वाचण्यात त्याची हयात गेली होती. आणि तो दगड होता त्याच्या एकुलत्या एका लेकीचा, चिमणीचा.

चिमणी गेली त्याला उद्या वर्ष होणार होतं. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस तो. बापलेकीनं मिळून एक वेड डोक्यात घेतलं होतं. इजिप्तच्या लोकांनी काही देवळं अशी बांधली की त्या दिवशी सूर्य उगवला की उजेड सरळ गाभाऱ्यात शिरावा. तशी एक फट संग्रहालयाच्या अंगणातल्या भिंतीत ठेवायची, आणि समोरच्या खोलीतल्या कोनाड्यात उजेड पाडायचा. त्यासाठी टेकडीमागून सूर्य नेमका कुठे वर येतो हे तळ्यातून पाहायचं होतं. नाव घेऊन जायचं होतं दादाला. त्याला ताप आला, म्हणून चिमणी गेली. धुक्यात नाव उलटली आणि पोर परत आली नाही.

वर्षभर दादानं दुसरं काही केलं नाही. भिंत बांधून घेतली, फट ठेवली, आणि कोनाड्यात बसवायला एक दगड कोरून घेतला. त्यावर त्या लिपीत लेकीचं नाव आणि मेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना. उद्या पहाटे पहिला उजेड त्यावर पडायचा होता.

आत्यानं दगडाकडे पाहिलं. ओळीच्या ओळी नाजूक चित्रं: घुबड, पाय, डोळा, साप, नागमोडी रेघा. त्यातल्या सापांच्या मधोमध कुणीतरी खोल चरा मारला होता. नागमोडी रेघा तर एकूण एक तोडलेल्या.

"ती रेघ म्हणजे पाणी," दादा शेवटी बोलला. "मेलेल्या माणसाला तिकडे सगळ्यांत आधी लागतं ते पाणी. बाकी काही नसलं तरी चालतं. माझ्या पोरीचं पाणी तोडलंय कुणीतरी. तिनं तिकडे तहानेनं तडफडावं म्हणून."

"आणि साप?"

"साप तोडायची जुनी रीत आहे. थडग्याच्या आत चित्रातला साप मेलेल्याला चावू नये म्हणून कारागीर त्याचे दोन तुकडे करून ठेवायचे. हे ज्याला माहीत आहे त्यानंच केलंय हे. शिकलेल्या माणसानं, जाणूनबुजून." दादा भिंतीला धरून उठला. "इथे तसं शिकलेलं दुसरं कोण आहे? ती माझी शिष्या. चिमणीच्या जागी तिच्या खुर्चीवर बसली आणि आता तिचा दगडही तिला बघवत नाही."

"दादा, तोंड आवर जरा."

"उद्या उजाडायच्या आत मला नाव सांग. नाही तर त्या पोरीला मी हाकलून देतो आणि दगड काढून टाकतो. चिमणीचा कुणी एवढा राग करत होतं हे माहीत असताना मी तिथे उभा राहून प्रार्थना नाही म्हणणार."

२

आत्यानं आधी दगडाशीच गप्पा मारल्या. म्हणजे चष्मा पुसला, आणि नाक दगडाला टेकेल इतकी जवळ जाऊन बघत बसली.

पहिली गोष्ट तिला खटकली ती म्हणजे स्वच्छता. दगड कोरला की भुकटी पडते. इथे जमीन लख्ख. दुसरी गोष्ट, चरे सरळ नव्हते. प्रत्येकाची सुरुवात दोनदा-तीनदा झालेली, हात थरथरला असावा तशी. आणि तिसरी गोष्ट, चिमणीच्या नावाशेजारी कोरलेला पक्षी. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. उलट त्याच्या डोळ्याच्या खोबणीतली भुकटीही कुणीतरी काढली होती, बाळाच्या डोळ्यांतली चिपडं काढावीत तशी.

"राग आलेला माणूस केर काढत बसत नाही," आत्या स्वतःशीच म्हणाली.

पाथरवट मागच्या पडवीत हत्यारं मांडून बसला होता. संग्रहालयातल्या मोडक्या मूर्ती तोच सांधतो. चेहरा पार उतरला होता बिचाऱ्याचा.

"आत्या, मी कशाला माझंच काम नासवीन? दगडावरच्या त्या बदकाची मान साहेबांनी माझ्याकडून तीनदा करून घेतली. आलाच असता तर राग तेव्हा आला असता."

"आलाच होता. तू माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आला होतास."

"आलो होतो," तो ओशाळून म्हणाला. "पण मग पोरीची आठवण आली आणि केली. चौथ्यांदाही केली असती."

"तू वाचतोस का रे हे?"

"छे. साहेब कागदावर काढून देतात, मी बघून कोरतो. मला सगळी पाखरंच."

काल दुपारी त्याचं काम संपलं होतं. मग हत्यारं तिथेच ठेवून तो खोलीच्या दारासमोर चहाला बसला, तो अंधारेपर्यंत. दगड मऊ चुनखडीचा, हातोडी न मारता छिन्नी रेटली तरी उतरतो, त्यामुळे आवाज व्हायचा प्रश्न नव्हता. परत आला तर छिन्नी पिशवीत होती, पण उलटी खोचलेली.

"तेवढ्यात कोण कोण आलं होतं खोलीत?"

"जावईबापू येऊन गेले. ताईंनी कोनाडा पुसून घेतला, म्हणजे त्या शिष्याताईंनी. काकू, म्हणजे पोरीच्या आई, तासभर बसल्या होत्या दार लोटून. कुणीतरी हाक मारणार होतं, मीच नको म्हटलं. बसू दे म्हटलं माउलीला. मग दगडावर मीच चादर घातली, अंधारून आलं होतं तेव्हा."

जावई बाहेरच्या पायरीवर सापडला. उंच, सडपातळ, बोलण्यात अडखळणारा. चिमणी गेली तेव्हा त्यांच्या लग्नाला फार दिवस झालेच नव्हते. त्याच्यासाठी पुन्हा मुली बघताहेत अशी कुजबूज आत्याच्या कानावर आली होती, आणि तिनं ती आडपडदा न ठेवता विचारली.

"आई बघतेय," तो म्हणाला. "मी बघत नाही. आत्या, मी काल तिथे उभा राहिलो आणि मला एक अक्षर कळलं नाही. बायकोच्या दगडावर काय लिहिलंय हे नवऱ्याला वाचता येत नाही. ती शिकवते म्हणायची आणि मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात."

"सापाचं काही सांगितलं होतं तिनं तुला?"

"तुकडे करायचे ते? हो. लहानपणी सापाची फार भीती वाटायची म्हणाली. ते वाचलं तेव्हा कुठे तिला झोप लागली."

आत्याचं नाक खाजलं नाही. पण डोक्यात एक वाट उघडली. समजा, सापाचं अर्धवट ऐकलेला, लिपी न येणारा एखादा माणूस तिथे गेला. त्याला नागमोडी रेघ काय दिसणार? सापच. मायेपोटी त्यानं सगळे 'साप' तोडले. पाणी म्हणून नाहीच. असं झालं असेल तर यात राग नाही, नुसतं अज्ञान आहे, आणि दादाला सांगता येण्यासारखं आहे. तिनं जावयाकडे पाहिलं.

"तू तोडलंस का रे ते?"

त्यानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो खरं बोलत होता.

३

शिष्या आतल्या दालनात खोकी बांधत होती. स्वतःची पुस्तकं, कप, खुर्चीवरची शाल. म्हणजे बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"आधीच बांधाबांध?" आत्या म्हणाली.

"सर सकाळपासून माझ्याकडे बघत नाहीत, आत्या. समजायचं ते मी समजले."

"खुर्ची चिमणीची होती म्हणून तुला मिळाली. लोक बोलणारच."

"मिळाली म्हणून मी आनंदानं नाचले असं वाटतं का तुम्हाला?" तिनं कप खाली ठेवला. "तिच्या खणात अजून तिची केसांची पिन आहे. मी तो खण वापरत नाही. ती मला तळ्यावर सोबत चल म्हणाली होती. मी म्हटलं, थंडी आहे, तूच जा."

एकाच पोरीपायी किती माणसं स्वतःला खात होती याचा हिशेब तिला लागेना. तिनं तिला आपला तर्क सांगितला. नागमोडी रेघ साप समजून कुणीतरी अडाण्यानं तोडली असेल, बस. तू खोकी सोड.

शिष्या ऐकता ऐकता थांबली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा उजेड यायला हवा होता, तो आला नाही.

"तसं असतं तर बरं झालं असतं, आत्या. पण तो चौकोन?"

"कुठला चौकोन?"

ती आत्याला घेऊन दगडापाशी आली. चौथ्या ओळीच्या टोकाला एक लांबट, साधा चौकोन कोरला होता. आत काही नाही, बाहेर काही नाही. आत्याला ती एखादी वीट वाटली होती. त्याच्यावरूनही चरा गेला होता, सगळ्यांत खोल.

"हे चिन्ह तळ्याचं," शिष्या हळू म्हणाली. "न शिकलेल्याला हे कधीच कळणार नाही. साप तर नाहीच वाटणार. ज्यानं तोडलं त्याला सगळी चिन्हं येतात. ती सरांना येतात, चिमणीला येत होती, आणि मला येतात."

आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं ओठ मिटून घेतले.

आत्या दगडाकडे बघत राहिली. दादाचं म्हणणं खरं ठरत होतं. पण ज्या पोरीनं हे केलं ती स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या गळ्याला फास कशाला लावेल? आणि त्या पक्ष्याचा डोळा कुणी पुसला? पोलीस खात्यात आत्या एक शिकली होती. काय मोडलं यापेक्षा काय वाचवलं ते आधी बघायचं. इथे पक्षी वाचवला होता, नाव वाचवलं होतं. घुबड, पाय, डोळा वाचवले होते. मोडलं होतं ते सगळं पोरीच्या जिवावर उठू शकणारं. साप. पाणी. तळं.

इजिप्तच्या कुठल्याही कारागिरानं पाणी तोडलं नसतं. तिथल्या माणसाला पाण्याची भीती नव्हती. मग पाण्याची भीती कुणाला होती?

"तुम्हाला कळलंय," शिष्या म्हणाली.

"मला चहा प्यायचाय," आत्या म्हणाली आणि दादाच्या घरी निघाली.

४

वहिनीनं, चिमणीच्या आईनं, चहा केला. वर्षभरात या बाईनं चहा केला, घर झाडलं, पाहुण्यांना या-बसा केलं, आणि नवऱ्याला दोष द्यायचा एक शब्द तोंडावाटे काढला नाही. लोक म्हणत, केवढी सहनशील. आत्याला मात्र त्या गप्प बसण्याची धास्ती वाटायची.

"दगडाचं कळलं का काही, वन्सं?" वहिनीनं विचारलं. तिची पाठ आत्याकडे होती.

"कळतंय थोडं थोडं. वहिनी, चिमणी लहान असताना तिचे पाठ कोण घ्यायचं? त्या चित्रांचे?"

"मीच. तुमच्या दादांना कुठे वेळ. ते चिन्हांच्या चिठ्ठ्या करून जायचे, आणि मी इथे पोळ्या लाटता लाटता एकेक उचलून विचारायची. हे काय, ते काय. मागे अर्थ लिहिलेला असायचा." ती थोडी हसली. "चिमणी म्हणायची, आई, चिमणीचं चित्र त्या लिपीत वाईट शब्दांना लावतात, माझ्या नावाला नको. भांडून बापाकडून पाकोळीचं पाखरू करून घेतलं तिनं. दगडावर तीच आहे."

चहा निवत होता. आत्यानं त्यात बोट बुडवलं आणि टेबलावर एक लांबट चौकोन काढला.

वहिनीनं वळून पाहिलं. मग ती पुढे आली आणि पदरानं तो चौकोन पुसून टाकला. टेबल कोरडं झालं तरी ती पुसतच राहिली. आत्यानं तिचा हात धरला तेव्हा थांबली.

"साप तेवढे तोडायचे होते," वहिनी म्हणाली. "तिला भीती वाटायची म्हणून. आणि मग मी वाचायला लागले, वन्सं. कधी वाचलं नव्हतं सलग. प्रत्येक ओळीत पाणी. तिच्या नावाच्या वर पाणी, नावाच्या खाली पाणी. शेवटी तर तळंच. यांनी बसून स्वतःच्या हातानं लिहून काढलं आणि यांना दिसलं नाही. माझी पोर वर्षभर पाण्यात आहे, आणि आता दगडातही पाण्यातच ठेवायची का?"

आत्यानं विचारलं, "मग सकाळी दादाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? ते विचारतील, पाणी का. मग मला बोलावं लागेल. एकदा बोलायला लागले तर तुम्हीच पाठवलंत तिला, हे तोंडातून निघेल. ते ऐकून हा माणूस जगेल का, सांगा मला."

५

दादा अंगणात त्या फटीसमोर खुर्ची टाकून बसला होता. दिवस कलला होता. आत्यानं दुसरी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, पायरीपायरीनं, अहवाल द्यावा तसं. लख्ख जमीन, पुसलेला डोळा, थरथरलेला हात. रागावलेल्या माणसाचं हे काम नाही. तोडलेला चौकोन, म्हणून अडाण्याचं काम नाही. शिष्येनं चौकोन स्वतः दाखवला, म्हणून तिचं नाही. लिपी येणारं आणखी एक माणूस या घरात आहे, आणि ते तुला तीस वर्षांत कळलं नाही. वहिनी जे बोलली ते तिनं सांगितलं. शेवटचं वाक्य मात्र गाळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं अहवालात खोट केली.

दादा तिच्याकडे वळला.

"ती एवढंच म्हणाली?"

"एवढंच."

"तुझं नाक खाजतंय बघ," दादा म्हणाला. मग त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकलं. "आकाशातली आई संध्याकाळी म्हाताऱ्या सूर्याला गिळते आणि पहाटे त्याला बाळ करून पुन्हा जन्म देते, असं मानायचे ते लोक. या दिवसाचं मोठेपण तेच. लोकांना किती वर्षं सांगतोय मी हे. आई कशी असते हे मला कुठे ठाऊक होतं गं."

"शिष्येला काय सांगू?"

"मी जातो. खोकी मीच सोडवतो तिची."

६

पहाटे खोलीत सगळेच होते. पाथरवट अंग चोरून दाराशी उभा, जावई भिंतीला टेकून, शिष्या डोळे सुजलेली. वहिनी सगळ्यांत मागे. दगड होता तिथेच होता, चऱ्यांसकट. पाथरवटानं भरून देतो म्हटलं होतं, दादा नको म्हणाला.

टेकडीमागून सूर्य वर आला. फटीतून उजेडाची एक पट्टी आत शिरली, जमिनीवरून सरकत कोनाड्यात चढली आणि नावावर थांबली. दादा वाचायला लागला. आधी त्या लोकांच्या भाषेत, आणि मागोमाग आपल्या. तिला अन्न मिळो. तिला मंद वारा मिळो. तिला रस्ता सापडो.

एक चिन्ह चुकलं तर विद्यार्थ्याला दाराबाहेर उभा करणारा माणूस तो. प्रत्येक ओळीत त्यानं पाणी गाळलं. दोन्ही भाषांत गाळलं. पाथरवटाला कळलं नाही, जावयाला कळलं नाही. शिष्येनं झटकन वर पाहिलं आणि मान खाली घातली. चौथ्या ओळीच्या टोकाशी दादा थांबला, चौकोनावर हात ठेवून तो झाकला, आणि पुढची ओळ घेतली.

वहिनी मागून चालत पुढे आली. त्याच्या शेजारी उभी राहिली.

"गाळलंत तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"सगळं?"

"सगळं." दादाचा हात अजून दगडावरच होता. "मीच पाठवली तिला. तू म्हणाली नाहीस, म्हणून ते काही खोटं होत नाही."

वहिनीनं नाही म्हटलं नाही. ती रडायला लागली, वर्षात पहिल्यांदा, मोठ्यानं, माणसं आहेत याची तमा न बाळगता. दादानं तिला धरलं. जावयानं पुढे होऊन दोघांनाही धरलं. उजेड नावावरून उतरून पलीकडच्या भिंतीवर गेला तरी कुणी जागचं हललं नाही.

मग वहिनीनं डोळे पुसले आणि दगडाकडे पाहत विचारलं, "तिला तहान लागेल का हो खरंच?"

इतकी वर्षं दादाकडे या विषयातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असायचं. 

वहिनी संग्रहालयाच्या चहाच्या खोलीत गेली. कपाटं उघडल्याचे आवाज आले, मग नळाचा. परत आली तेव्हा तिच्या हातात सगळ्यांत लहान वाटी होती, आणि तिच्यात तळाशी जेमतेम पाणी. ती दगडासमोर बसली. वाटीत आपलं बोट बुडवून तिनं पाणी कुठवर येतं ते पाहिलं. नखही पुरतं भिजलं नाही.

"एवढ्यात कुणी बुडत नाही," ती म्हणाली, आणि वाटी लेकीपाशी ठेवली.